स्थळ पाहावे चौकशी करून

आमच्या लहानपणी ‘स्थळ’ हा शब्द घरात एकाच अर्थाने येत असे. “अमक्याच्या मुलीला नाशिकचे स्थळ सांगून आले आहे,” असे कोणी म्हटले, की ओसरीवरची मंडळी पानाचा डबा पुढे ओढून सरसावून बसत. आता त्याच शब्दाला ‘संकेत’ येऊन चिकटला आहे, आणि घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना दिवसातून पंचवीस संकेतस्थळे सांगून येतात! मुलीसाठी एक स्थळ पाहावयाचे तर जोडे झिजवणारी आपण माणसे. पण मुलांच्या डोक्यात रोज ज्ञान ओतणारी ही पंचवीस स्थळे कोणत्या घराण्यातली, कोणाच्या आधाराने बोलणारी, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही.

दुसऱ्यांना नावे कशाला ठेवू? मी स्वतः एकवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवीत आलो आहे. आणि दोन वर्षांपूर्वी याच बाबतीत मी असा काही तोंडावर आपटलो, की त्याची आठवण झाली म्हणजे अजून कानांच्या पाळ्या गरम होतात. ती हकिकत सांगितल्याशिवाय या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही. तेव्हा आधी ती ऐका.

लाल शाईचे वर्तुळ

नववीच्या वर्गाला मी प्रकल्प दिला होता लोणारचा. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर उल्कापाताने झालेले; व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि मध्ये खारट पाण्याचे सरोवर. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण मिठाच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर ‘रामसर’ स्थळांच्या यादीत गेले. असा भरगच्च विषय. मुलांना म्हटले, “इंटरनेटवरून माहिती मिळवा, मात्र वेबसाइट चांगली आहे ना, हे आधी पाहा.”

‘चांगली’ म्हणजे कशी, हेही मी सांगितले होते. एका प्रशिक्षणवर्गात मिळालेली यादी मी संगणकाच्या खोलीत भिंतीवर चिकटवली होती. पान नीटनेटके आहे का? शुद्धलेखनाच्या चुका नाहीत ना? संस्थेचे नाव दिले आहे का? खाली अलीकडचे साल आहे का? पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ असेल तर उत्तम! अशा याद्या जगभर चालतात. कॅलिफोर्नियातल्या चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ साली तयार झालेली पाच कसोट्यांची यादी तर फारच प्रसिद्ध आहे: माहिती ताजी आहे का, आपल्या कामाची आहे का, लिहिणारा अधिकारी आहे का, मजकूर अचूक आहे का, आणि लिहिण्यामागचा हेतू काय. माझी यादी म्हणजे त्याच घराण्यातली एक दूरची, जरा मंदबुद्धी पुतणी म्हणा ना!

वह्या आल्या. लोणारच्या विवराचे वय बहुतेक सगळ्यांनी ५२ हजार वर्षे लिहिले होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र लिहिले होते ५ लाख ७० हजार. मी त्या आकड्याभोवती लाल शाईचे ठसठशीत वर्तुळ काढले, शेजारी ‘शून्यांकडे लक्ष दे!’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले.

ती वही घेऊन टेबलापाशी आली. “सर, मी हे एका इंग्रजी लेखात वाचलंय.” तिने पान उघडून दाखवले. काय ते उजाड पान! ना चित्र, ना रंग. मुंगीएवढ्या अक्षरांचा एक परिच्छेद आणि वर चार परदेशी नावे. माझ्या यादीतली एकही कसोटी मला त्याला लावाविशी वाटली नाही. मी म्हटले, “अग, पाच वेबसाइटी ५२ हजार म्हणतात. त्या पाचही चुकल्या आणि तू एकटी बरोबर?”

वर्ग हसला. ती “हो सर” म्हणाली आणि वही घेऊन जागेवर गेली.

“त्या पाचांनी कोठून आणला?”

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी दुसऱ्याच एका मुलाचा प्रकल्प निवडला. प्लॅस्टरचे सुबक विवर, निळ्या काचेचे पाणी, आणि रंगीत फलकावर ठळक अक्षरांत ‘वय: ५२,००० वर्षे’. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणारे. त्यांनी फलक वाचला आणि अगदी प्रेमाने विचारले, “बाळ, हा आकडा कोठून आणलास?”

“सर, पाच वेबसाइटवर आहे.”

“पाच ठिकाणी आहे खरा. पण त्या पाचांनी कोठून आणला?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी प्लॅस्टरच्या विवराकडे पाहिले. त्यात उडी घेण्याइतके ते मोठे नव्हते, एवढाच काय तो त्या प्रकल्पाचा दोष मला त्या क्षणी दिसला.

मग त्या गृहस्थांनी मला बाजूला नेऊन समजावले. ५२ हजार हा आकडा कोणी खोडसाळपणे रचलेला नव्हे. खडकातले कण नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवीत जातात आणि तापवले असता ती प्रकाशरूपाने बाहेर टाकतात. त्या प्रकाशावरून वय काढण्याची एक पद्धत आहे, आणि तिच्या आधारे हा आकडा पूर्वी निघाला होता. पुढे लोणारच्या वितळून थिजलेल्या खडकाचे वय आरगॉन वायूवरून मोजले गेले. खडकातले एक प्रकारचे पोटॅशियम अत्यंत सावकाश आरगॉनमध्ये बदलत असते. उल्केच्या आघाताने खडक वितळला की जुना आरगॉन निघून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. या मोजणीचा निबंध २०११ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वय आले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. चूकभूल ४७ हजारांची. आता शास्त्रज्ञ हाच आकडा अधिक ग्राह्य धरतात.

चार परदेशी नावे, मुंगीएवढी अक्षरे! ते उजाड पान म्हणजे त्याच निबंधाचा सारांश होता. मुलगी मुळापाशी जाऊन पोहोचली होती. आणि मी, तिचा शिक्षक, पारंब्या मोजीत बसलो होतो.

आत्याबाईंची कसोटी

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आमच्या आत्याबाई घरी आल्या होत्या. वय वर्षे ब्याऐंशी. “काय रे, तोंड का असं?” म्हणाल्या. मी सगळे सांगितले. संकेतस्थळ म्हणजे काय ते त्यांना नीटसे कळले नसावे, पण ‘स्थळ’ एवढे कळले.

“अरे, स्थळाची चौकशी कोणी स्थळापाशी करतं का?” त्या म्हणाल्या. “माझ्या वेळी दादा मुलाच्या घरी चहा प्यायला, घर छान आहे म्हणाला, आणि उठला. मग गेला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. उधारी किती ते विचारलं. मग शेजारी, मग मुलाच्या कचेरीत. घरात बसून घराबद्दल खरं कधी कळत नसतं. बैठकीत सतरंजी सगळेच चांगली घालतात!”

मला हसू आले आणि लगेच विरले. कारण माझी ती भिंतीवरची यादी म्हणजे दुसरे काय होते? सतरंजी चांगली आहे का, चहाच्या कपाला टवका नाही ना, दारावर पाटी आहे का! पाटी काय, कोणीही लावतो. ‘डॉट ऑर्ग’ हे शेपूट तर पैसे भरील त्याला मिळते. त्यासाठी धर्मादाय संस्था असावे लागत नाही. पानाच्या तळचे साल पुष्कळदा यंत्र आपोआप बदलीत असते. आतल्या मजकुराला दहा वर्षांत कोणी हात लावलेला नसतो. आणि शुद्धलेखन? ते तर हल्ली ठगालाही यंत्र फुकट करून देते.

आत्याबाईंचे हे शहाणपण पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मला पुन्हा भेटले, ते पाहून मोठी मौज वाटली. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी इतिहासातले दहा पीएच.डी. झालेले विद्वान, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी संगणकापुढे बसवले. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने दाखवली. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सभासदांची, देशातली प्रमुख संघटना. दुसरी २००२ साली तिच्यातून मतभेदाने फुटून निघालेला छोटासा गट. नावे जवळजवळ सारखी, बोधचिन्हे सारखीच भारदस्त, शेपूट दोघांचेही ‘डॉट ऑर्ग’. विद्वान आणि विद्यार्थी पानावरच खिळून राहिले. वरून खाली, खालून वर वाचीत बसले, आणि त्यांतले कित्येक फसले. तथ्यतपासनिसांनी काय केले? पान उघडल्यावर क्षणभरात ते तेथून बाहेर पडले! शेजारी नवीन टॅब उघडून ‘या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात’ ते त्यांनी शोधले, आणि थोडक्या मिनिटांत खरे काय ते ओळखले. संशोधकांनी याला ‘आडवे वाचन’ असे नाव दिले आहे. आमच्या आत्याबाई त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणे म्हणतात.

पीएच.डी. झालेलेही फसतात, हे वाचून मला थोडा दिलासा मिळाला, हे कबूल करतो. पण तो फार टिकला नाही. त्याच विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ३,४४६ शाळकरी मुलांना एक चित्रफीत दाखवली होती. मतपेट्यांत कागद कोंबल्याचे ते दृश्य अमेरिकेतले म्हणून सांगितले होते. वस्तुतः ते रशियातले. निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५२ मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. चित्रफितीचे मूळ शोधून काढणारी मुले निघाली अवघी तीन. हजारोंत तीन! आणि माझ्या वर्गात चाळिसांत एक होती, तिचेच मी गुण कापले होते.

पाच घरची चौकशी

सोमवारी मी सगळा वर्ग संगणकाच्या खोलीत नेला. संगणक बारा, त्यांपैकी चालू नऊ. त्यामुळे चौघे-पाचजण एकेका यंत्राभोवती. भिंतीवरची यादी मी सर्वांदेखत काढली. म्हटले, “आज आपण लोणारची नव्हे, लोणारची माहिती देणाऱ्यांची चौकशी करावयाची.”

ती पाच पाने शेजारी शेजारी उघडली, आणि पोरांनी जो उत्साह दाखवला तो पोलिसखात्याने हेवा करावा असा! पाचांपैकी चार पानांवर एक वाक्य काना-मात्रेसकट सारखे सापडले. म्हणजे साक्षीदार पाच दिसले, तरी जबानी एकाचीच. बाकीच्यांनी ऐकून म्हटलेली. त्याच चौघांनी लोणारला ‘जगातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे विवर’ ठरवून टाकले होते. एका मुलाने तेवढाच धागा धरला. मेक्सिकोतले चिक्शुलुब येथील विवर, ज्याच्या आघाताचा संबंध सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरांच्या अंताशी जोडतात, ते सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे निघाले. लोणारच्या बरोबर शंभरपट! बेसाल्ट खडकातले विवर म्हणून लोणार खरोखरीच दुर्मीळ आहे. पण ‘दुर्मीळ’ म्हटल्याने समाधान होत नाही, म्हणून कोणी तरी त्याला तिसरा नंबर देऊन टाकला.

मग ही चार स्थळे कोणाची? एक निघाले मुक्कामाच्या खोल्या भाड्याने देणाऱ्याचे. दुसरे स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीचे. तिसऱ्यावर लोणारच्या खालीच केस गळण्यावरचा उपाय होता आणि मध्ये सतरा जाहिराती. चौथ्याचे नाव मोठ्या शिक्षणसंस्थेसारखे; पण ‘आमच्याविषयी’ या पानावर ना माणसाचे नाव, ना गावाचे. आणि हेच चौथे माझ्या यादीवर सर्वांत जास्त गुण मिळवून गेले होते!

पाचव्याने मात्र मला विचारात पाडले. ते होते एका हौशी निवृत्त गृहस्थाचे साधे पान. वय त्यांनीही ५२ हजारच लिहिले होते. पण ही माहिती कोणत्या पुस्तकातून घेतली आणि ते कोणत्या सालचे, हे खाली दिले होते. पुस्तक २०११ च्या आधीचे. एका मुलीने ताबडतोब म्हटले, “सर, हे खोटं नाही बोलत, यांना नंतरचं माहीत नाही.” किती नेमके बोलली! नाव, गाव, साल सांगून चुकणारा माणूस हा निनावी राहून बरोबर सांगणाऱ्यापेक्षा शिक्षणाला अधिक उपयोगी. पहिल्याची चूक कोठे झाली हे आपण शोधू शकतो. दुसऱ्याचे खरेसुद्धा आपल्याला पारखता येत नाही.

लोणारचेच पाहा ना. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली. त्यानंतर कित्येक वर्षे हे ज्वालामुखीचे मुख समजले जाई. आघाताचे पुरावे देणारा महत्त्वाचा निबंध आला तो १९७३ साली, ‘सायन्स’ या नियतकालिकात. म्हणजे त्यापूर्वीच्या उत्तम ग्रंथातही जुने मत सापडले, तर तो ग्रंथ लबाड ठरत नाही. आपला मराठी विश्वकोश घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि आज तो संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतो. नोंदीखाली लेखकाचे नाव असते; हे मोठे भांडवल. पण नोंद कोणत्या काळातली, हे वाचणाऱ्याने पाहिलेच पाहिजे. विकिपीडियाचे उलट. तेथे कोणीही लिहू शकतो, म्हणून तो डोळे मिटून मानू नये. पण प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ तेथे उघडा असतो आणि खाली संदर्भ असतात. त्या संदर्भांच्या पायऱ्यांवरून वर चढावे. पायरीवरच बिऱ्हाड करू नये.

खरे असले म्हणजे झाले का?

नाही. माहिती खरी असूनही स्थळ मुलांच्या कामाचे नसेल, असे पुष्कळदा होते. त्या मुलीचे ते उजाड पान अगदी खरे. पण चाळिसांतल्या पस्तीस मुलांना ते वाचून काही उमगले नसते. म्हणून शाळेसाठी आणखी दोन-तीन गोष्टी मी पाहतो. भाषा मुलाच्या आवाक्यातली आहे का? साध्या मोबाइलवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवर पान उघडते का? मूल काही करून पाहू शकते, की नुसते टकमका बघत बसते? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला ‘फेट’ नावाचा उपक्रम आहे. विद्युत्-मंडल जोडून पाहा, लंबक हलवून पाहा, असे प्रयोग त्यावर फुकट करता येतात, आणि त्यांतले कित्येक मराठीतही आहेत. कोणी केले, कसे तपासले, हे सगळे तेथे लिहिलेले आहे.

आणखी एक. पान उघडण्याआधीच मुलाचे नाव, शाळा, आईचा मोबाइल नंबर विचारणारे स्थळ दिसले, की मी सावध होतो. चौकशी आपण करावयाची तर हेच उलटे आपली चौकशी करतात! २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण कायदा दिल्लीत. बोट मुलाचे, तेही पडद्यावर.

आता तर पोरे स्थळाचा उंबराही चढत नाहीत. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारतात, आणि ते एका दमात, न अडखळता सांगून मोकळे होते. पण त्यालाही प्रश्न तोच विचारावयाचा: “बाबा रे, तू कोठून आणलेस?” त्याने निबंधाचे नाव सांगितले, तर तो निबंध स्वतः उघडून पाहावयाचा, कारण अस्तित्वात नसलेल्या निबंधाचे नावही ते तितक्याच ठामपणे सांगू शकते.

वहीचे काय झाले?

त्या सोमवारी तास संपण्याआधी मी तिसऱ्या बाकावरून ती वही मागून घेतली. वर्गासमोर उभा राहून म्हटले, “हिचा आकडा बरोबर होता. चूक माझी होती. आणि पाच विरुद्ध एक म्हणून मी हिला गप्प बसवले, ही तर त्याहून मोठी चूक.” लाल वर्तुळावर काट मारली, दोन गुण परत दिले, खाली तारीख घालून सही केली. प्रदर्शन मात्र होऊन गेले होते. तेथे तिचा प्रकल्प गेला नाही तो नाहीच. ते दोन गुणांनी भरून निघण्यासारखे नव्हते, आणि तसे मी तिला सांगितलेही.

वर्ग या वेळी हसला नाही. तिने वही घेतली, सही पाहिली, आणि जरा घुटमळून विचारले, “सर, पण तो लेख २०११ चा आहे. त्यानंतर कोणी आणखी नवीन मोजलंय का, ते बघायला नको?”

खरे सांगतो, एकवीस वर्षांत मला कोणा विद्यार्थ्याने इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. आम्ही दोघांनीही मधल्या सुटीत शोधावयास सुरुवात केली. भिंतीवर आता यादी नाही. तेथे मुलांनीच एक पुठ्ठा लावला आहे आणि त्यावर चारच शब्द लिहिले आहेत: ‘त्यांनी हे कोठून आणले?’

दिवाळीच्या सुटीत आपल्याही घरी पोरे पडद्याला चिकटून बसलेली असतील. त्यांना ओरडू नका. फराळाची बशी घेऊन शेजारी जाऊन बसा, आणि हा एवढाच प्रश्न एकदा विचारून पाहा. उत्तर आले नाही तर हरकत नाही. दोघे मिळून उठा, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन या.